सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर फिरत नाही, नुसता हूंऽऽ आवाज येतो

पाटणकर: वॉशची बाजू व्यवस्थित चालते. ड्रायरचं झाकण लावून टायमर फिरवला की हूंऽऽ करत राहतं, टब जागचा हलत नाही. कपडे काढून रिकामा लावून पाहिला, तेच. मिस्त्रींनी मागचं पॅनेल न उघडताच ‘मोटार जळाली, नवीन टाका’ म्हणून सांगितलं. वडील अंथरुणावर आहेत, रोज चादरी निघतात, आणि इकडच्या पावसात नुसती पिळलेली चादर काही केल्या वाळत नाही. झाकण उघडून टब हाताने फिरवला तर जड लागतो. मोटारच गेली असेल का?

कोकणी माणूस: झाकणाखालचा स्विच बघा. आमच्याकडे खाऱ्या हवेने त्याच्या पट्ट्या गंजतात.

सांगली वाइंडिंग: ताई, मोटार लगेच काढू देऊ नका. माझ्याकडे रिवाइंडिंगला येणाऱ्या ड्रायरच्या मोटारींपैकी कित्येक चांगल्याच असतात. बघून जीव तुटतो.

स्विच गेला असता तर मशीन मुकं राहिलं असतं. हूंऽऽ येतंय म्हणजे करंट मोटारीपर्यंत पोचतोय. मग एकतर कंडेन्सर (मोटारीला फिरायला सुरुवात करून देणारा डबा) उतरलाय, नाहीतर काहीतरी अडवून धरतंय. पण तसंच चालू ठेवू नका, वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी, तापून खरंच जळेल. आणि चालू मशीनमध्ये हात घालून टबला धक्का देऊन बघायचं तर अजिबात नाही.

झाकण उघडं असताना टब जड लागणारच, तेव्हा ब्रेक लागलेला असतो. खरी परीक्षा अशी: प्लग काढा, मागचं पॅनेल खोला, झाकण लावा आणि खालून मोटारीवरचं कपलिंग (टबाचा दांडा मोटारीला जोडणारा भाग) हाताने फिरवा. ते मोकळं फिरलं पाहिजे. जड असेल तर ब्रेकची तार बघा. झाकण लावलं की ही तार ओढली जाते आणि ब्रेकचा पट्टा ड्रमपासून सुटतो. तार सैल पडली किंवा हुकातून निसटली की पट्टा चिकटूनच राहतो. टबाखाली रुमाल, पायमोजा अडकलाय का तेही बघा.

कपलिंग मोकळं असेल तर कंडेन्सर. बऱ्याच मशीनमध्ये वॉश आणि ड्रायरचे दोन कंडेन्सर एकाच डब्यात असतात, उदाहरणार्थ 10 आणि 5 मायक्रोफॅरड, 440 व्होल्ट. त्यामुळे वॉश चालतंय म्हणून कंडेन्सर चांगला, असं धरू नका. 5 चा भाग एकटा उतरू शकतो. डब्यावर छापलेत तेच आकडे घ्या, मोटारीच्या मानाने फार स्वस्त पडतो. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो. आम्ही होल्डरमधला जुना पिवळा बल्ब त्याच्या टोकांना लावून तो उतरवतो. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पाटणकर: दादा, शेजारच्या वायरमन काकांना बोलावलं. कपलिंग खरंच जड होतं. तार जागेवर आहे आणि झाकण लावल्यावर पट्टाही सुटतोय. पण मोटारीच्या डोक्यावर गंजाचा लाल थर आहे आणि वरून थेंब थेंब पाणी पडल्याच्या खुणा आहेत.

सांगली वाइंडिंग: मग सील फाटलंय. टबाच्या दांड्याभोवती रबराचं घडीचं सील असतं, ते फाटलं की साबणाचं पाणी थेट मोटारीत उतरतं आणि बुश, म्हणजे मोटारीचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या, जाम होतात. मोटार खोलून बुश साफ करून तेल द्यायला सांगा, झिजले असतील तर बदला. त्याआधी मीटरने वाइंडिंग बघा: कॉमन, म्हणजे गुंडाळ्यांची सामाईक तार, तिच्यापासून बाकीच्या दोन्ही तारांना रीडिंग यायला हवं आणि बॉडीला काहीच यायला नको. तेवढं ठीक असेल तर मोटार वाचली. सील मात्र त्याच दिवशी नवीन टाका, नाहीतर दुरुस्त केलेली काय आणि नवीन काय, पाणी दोघींनाही खाईल.

पाटणकर: वाइंडिंग शाबूत आहे! काकांनी मोटार खोलायला घेतलीय. सील कराडहून मागवलंय, उद्याच्या एसटीने येईल.

सांगली वाइंडिंग: जुनं सील सोबत धरून दांड्याची जाडी जुळवा. त्यात मापं वेगवेगळी येतात.