पांढऱ्या पेशी भरपूर असूनही मुलाला वारंवार पू का होतो?

प्रश्न
माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. क्षयरोगावरच्या बीसीजी लशीनंतर त्याच्या काखेत गाठ येऊन फुटली, पुढे मानेत गळू झाले, दोनदा न्यूमोनिया झाला आणि आता सोनोग्राफीत यकृतात पू दिसला आहे. दर वेळी पांढऱ्या पेशी वाढलेल्या असल्याने प्रतिकारशक्ती उत्तम आहे, असे आम्हाला सांगितले जाते. माझा सख्खा भाऊही लहानपणी अशाच जंतुसंसर्गांनी गेला. याचा काही संबंध असेल का?

प्रतिसाद १ (बालरोगतज्ज्ञ)
ताई, संबंध असण्याची दाट शक्यता आहे. सीबीसी या रक्ततपासणीत पेशींची संख्या कळते, त्यांची मारकशक्ती कळत नाही. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे सीजीडी, या आनुवंशिक आजारात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात. परंतु त्यांना मारणारी रसायने ऑक्सिजनपासून तयार करणारे एन्झाइमच सदोष असल्याने स्टॅफिलोकॉकससारखे जिवाणू आणि ॲस्परजिलस ही बुरशी पेशीच्या आत जिवंत राहतात, आणि त्यांना कोंडण्यासाठी शरीर गाठी रचत जाते. हा दोष अनेक कुटुंबांत एक्स गुणसूत्रावर असतो. तो आईकडून मुलाकडे जातो, म्हणूनच आपल्या भावाची माहिती मोलाची आहे.

यकृतातील पुवावरचे उपचार थांबवू नका आणि त्याच वेळी पेशींची ही मारकशक्ती तपासणाऱ्या डीएचआर या रक्तचाचणीचा आग्रह धरा. तिला थोडेसेच, पण ताजे रक्त लागते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिथे अशा आजारांच्या निदानाचे काम चालते. आपलीही चाचणी करावी, कारण वाहक मातेच्या, म्हणजे हा दोष मुलाकडे देऊ शकणाऱ्या आईच्या, रक्तात सक्षम आणि अक्षम अशा दोन्ही पेशी एकत्र दिसतात.

प्रतिसाद २ (सीजीडी असलेल्या मुलाचे वडील)
निदान झाल्यावर आमच्या मुलाला जिवाणूंविरुद्ध को-ट्रायमोक्साझोल आणि बुरशीविरुद्ध इट्राकोनाझोल हे औषध रोज सुरू झाले, आणि रुग्णालयाच्या फेऱ्या पुष्कळच कमी झाल्या. कुजलेला पालापाचोळा, शेणखत, ओलसर पेंढा यांपासून मुलाला कटाक्षाने दूर ठेवा. त्यातील बुरशी श्वासावाटे फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकते. गावाकडे हे पाळणे फार अवघड जाते, तरी पाळावेच लागते. जुळणारा दाता मिळाल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातही सीजीडीचा समावेश आहे, त्यामुळे खर्चाच्या मदतीची चौकशी जरूर करावी.

प्रतिसाद ३ (बालरोगतज्ज्ञ)
एक महत्त्वाची भर घालतो. पुढे बाळ झाल्यास त्याची चाचणी होईपर्यंत बीसीजी देऊ नये, हे प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांना सांगून नोंदवून घ्या. ही लस आपल्याकडे जन्मतःच दिली जाते, त्यामुळे नंतर सांगून उपयोग होत नाही.