शॉवरच्या भिंतीला टाइलआधी वॉटरप्रूफिंग कोटिंग किती उंचीपर्यंत मारायचं?

ऐरोलीकर
ऐरोलीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाथरूम ७ बाय ४. जुन्या टाइल आणि गिलावा काढून विटा उघड्या केल्या आहेत. शॉवरच्या भिंतीपलीकडे बेडरूम आहे, तिथे कपाटामागे रंगाचे पोपडे निघून खार फुटलाय. मिस्त्रींचं म्हणणं, कोटिंग जमिनीला आणि भिंतीवर फूटभर पुरे. त्याच्या वर मारलं तर टाइल सुटतील. ६०० बाय ३०० ची व्हिट्रिफाइड टाइल आणून ठेवली आहे. फूटभर खरंच पुरतं का? आणि माल किती मागवू?

ओळंबा
मिस्त्रींची भीती अर्धी खरी आहे. कोटिंगवर सिमेंटच्या स्लरीने टाइल लावली तर ती सुटणारच. खालचा थर पाणी ओढत नाही, व्हिट्रिफाइड टाइलही जेमतेम अर्धा टक्का ओढते, मग स्लरी धरणार कशाला? त्यासाठी टाइल अ‍ॅडेसिव्ह वापरा. गोणीवर आयएस १५४७७ (टाइल अ‍ॅडेसिव्हचं भारतीय मानक), टाइप २ किंवा त्याच्या वरचा, आणि वॉटरप्रूफिंगवर चालतो असं छापलेलं बघून घ्या. ३ मिमी थराला २० किलोची गोणी ४५-५० चौरस फूट जाते.

फूटभर कोटिंग कोरड्या भागाला ठीक. शॉवरचं पाणी मात्र डोक्याच्या उंचीवरून भिंतीवर आदळतं आणि टाइलच्या सांध्यांतून आत जातं. त्यामुळे शॉवरच्या तिन्ही बाजू ७ फुटांपर्यंत, बाकी भिंती फूटभर.

माल: शॉवरची भिंत ४+३+३ = १० फूट, गुणिले ७ म्हणजे ७० चौरस फूट. उरलेल्या भिंती दार सोडून सुमारे १०, जमीन २८. एकूण १०८ चौरस फूट, म्हणजे १० चौरस मीटर. पॉलिमर-सिमेंटचं दोन भागांचं (पावडर आणि लिक्विड) कोटिंग दोन हात मिळून चौरस मीटरला दीड ते दोन किलो जातं. २० किलो मागवा.

आता क्रम. आधी पाइप बसवून दाब पंपाने १० किलो दाब द्या आणि तासभर काटा बघा. काटा उतरला तर गिलावा करूच नका. मग पाइपच्या खाचा भरून १:४ गिलावा, ५० किलो सिमेंटच्या गोणीला २०० मिली वॉटरप्रूफिंग लिक्विड. वर नीरू (चुन्याचा गुळगुळीत थर) नको, घोटून गुळगुळीतही नको. किमान ७ दिवस पाणी मारा.

कोपऱ्यात आणि जमीन-भिंतीच्या सांध्यात सिमेंट-वाळूचा इंचभर वाटा (कोपरा गोलसर करणारी भर) हवाच. काटकोनात कोटिंग ब्रशने पातळ पसरतं आणि तिथेच चिरतं. कोटिंगआधी भिंत ओलसर करा, पण पाणी ओघळत नको. पहिला हात आडवा. तो ओला असतानाच वाट्यावर फायबरग्लासची जाळी दाबून घ्या (हीच पायरी सर्रास गाळली जाते). ४-६ तासांनी दुसरा हात उभा. ब्रश हलका चालावा म्हणून पावडर-लिक्विडमध्ये वरून पाणी ओततात, ते डोळ्यांसमोर होऊ देऊ नका.

रंधा
वरच्यात भर. गळती बहुतेकदा भिंतीच्या मध्यातून येत नाही, डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा कॉक) आणि शॉवरच्या आर्मभोवतीच्या भोकातून येते. चकचकीत चकतीमागे बोटभर पोकळी राहते, पाणी तिथून थेट विटांत जातं. पाइपची तोंडं एक्स्टेन्शन निपलने (पाइप लांबवणाऱ्या छोट्या तुकड्याने) टाइलच्या पृष्ठभागापर्यंत आणा, त्यांना प्लग लावा आणि कोटिंग निपलच्या गळ्यापर्यंत ओढून घ्या. चकती बसवताना मागे सिलिकॉनची कड.

जमिनीचं कोटिंग, भिंतीवरच्या फूटभर पट्ट्यासकट, आधी करा. ते वाळलं की ट्रॅपचं (जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीखालचं) तोंड बंद करून वाट्याच्या वर येईल इतकं पाणी ४८ तास तरी भरून ठेवा आणि खालच्या घरात छत बघा. भिंतीचा वरचा भाग त्यानंतर, खालच्या पट्ट्यावर किमान ६ इंच चढवून. पाणी भरल्याने भिंतीची परीक्षा होत नाही, तिला दोन हात आणि जाळी एवढाच आधार. पावसाळ्यात पाकिटावरचे वाळायचे दिवस दीडपट धरा.

बेडरूमकडचा खार लागलेला गिलावा विटांपर्यंत काढून भिंत उघडी सुकू द्या. वरून पुट्टी-रंग लावलात तर पुन्हा पोपडे.

ऐरोलीकर
अ‍ॅडेसिव्हचं कळलं. पण नंतर टॉवेल रॉड आणि शॉवरची काच लावायला ड्रिल मारावंच लागणार, मग कोटिंगला भोकं पडणारच ना?

रंधा
पडणारच. भोकातली धूळ फुंकून काढा, आत न्यूट्रल क्युअर सिलिकॉन भरा आणि ते ओलं असतानाच प्लग ठोकून स्क्रू आवळा. बाहेर आलेलं सिलिकॉन पुसा. टॉवेल रॉड शॉवरबाहेरच्या भिंतीवर गेला तर तेवढी भोकं कमी.

ओळंबा
आणि उभ्या कोपऱ्यात दोन टाइल जिथे भेटतात तिथे ग्राउट (टाइलच्या सांध्यात भरायचं मिश्रण) भरू नका, सिलिकॉन भरा. दोन भिंती वेगवेगळ्या हलतात, ग्राउट तिथे हमखास केसभर फाटतं. बाकी सांध्यांना इपॉक्सी ग्राउट.