मदत हवी आहे: जंतनाशकं आणि झेब्राफिश माशाचे एम्ब्रियो (भ्रूण), एलसी50 (निम्मे जीव मरतात ते कॉन्सन्ट्रेशन) सोडून काय मोजू?

नमस्कार मंडळी, एमएस्सीचा प्रोजेक्ट करतेय, गुरांच्या जंतनाशकांचा माशांच्या वाढीवर काय परिणाम होतो यावर. औषधं दोन घेतलीत, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन. इथे टॉक्सिकॉलॉजीवाले, व्हेट, मत्स्यशास्त्रवाले बरेच जण आहात म्हणून विचारते, पोस्ट लांबलीये पण प्लीज पूर्ण वाचा.

आयव्हरमेक्टिनचा बराचसा डोस शेणातून जसाच्या तसा बाहेर पडतो आणि पावसाने वाहून नाहीतर जनावरं पाण्यात उतरली की थेट तळ्या-ओढ्यात जातो, वरच्या पाण्यातलं उन्हाने लवकर नष्ट होतं पण गाळाला चिकटलेलं खूप काळ राहतं. अल्बेंडाझोलचं वेगळं, ते पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला धरतं, त्यामुळे त्यापासून बनणाऱ्या बारीक नळ्या, म्हणजे मायक्रोट्युब्यूल, नीट तयार होत नाहीत आणि पेशींचं विभाजन अडतं. एम्ब्रियोत तर सगळा खेळच पेशीविभाजनाचा, म्हणून तर गाभण गाईला सुरुवातीचे 45 दिवस हे औषध देऊ नका असं लेबलवर असतं. माशाचं अंडं तर उघड्या पाण्यातच वाढतं, त्याला कोण वाचवणार?

आता अडचण सांगते. मी ओईसीडी 236 ने (माशांच्या एम्ब्रियोवरच्या विषारीपणाच्या टेस्टची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) 96 तासांची टेस्ट लावते. त्यात बघायचं काय तर अंडं गोठलंय का, सोमाइट (पाठीकडचे स्नायूंचे खंड) बनलेच नाहीत का, शेपूट यॉकपासून (अंड्यातल्या बलकापासून) सुटलीच नाही का, ठोके बंद आहेत का. चारही खुणा मेल्याच्या. पण अल्बेंडाझोलच्या कमी कॉन्सन्ट्रेशनला या चारही गोष्टी ठीक येतात, म्हणजे कागदावर पिल्लू जिवंत, आणि मायक्रोस्कोपखाली बघावं तर शेपटीचं टोक वर वळलेलं, हृदयाभोवती पाणी साठून फुगलंय, डोकं कंट्रोलपेक्षा (औषध न दिलेल्या पिल्लांपेक्षा) लहान, कंट्रोलमधली सगळी बाहेर येऊन पोहायला लागली तरी ही अजून कवचातच. बाहेर आली तरी सरळ पोहत नाहीत, एका बाजूला गोल फिरत राहतात. असं पिल्लू तळ्यात खाणार काय आणि शत्रूपासून पळणार कसं?

गाइडचं म्हणणं एलसी50 काढ, तेवढं पुरे. मला हे अजिबात पटत नाहीये. डाफ्नियाचंच (पाण्यातला इवलासा कवचधारी जीव) बघा ना, आयव्हरमेक्टिनने 48 तासांत निम्म्या डाफ्निया मरायला लिटरला काही नॅनोग्रॅम लागतात, पण 21 दिवसांच्या टेस्टमध्ये वाढ आणि पिल्लांची संख्या पिकोग्रॅममध्येच (नॅनोग्रॅमचा हजारावा भाग) घसरते, म्हणजे हजारपटीहून जास्त फरक. फक्त मृत्यू मोजला असता तर हे कुणाला कळलंच नसतं!

तर प्रश्न असे. व्यंगांना स्कोअर द्यायची अशी कुठली पद्धत वापरता का जी परीक्षकांसमोर टिकेल? मी शरीराची लांबी, हॅचिंगची वेळ, ठोक्यांचा वेग आणि 24 तासांच्या आसपासची शेपटीची हालचाल असं धरलंय, आयव्हरमेक्टिनने एम्ब्रियो सुस्त पडतात म्हणून हालचाल मुद्दाम घेतली, पण हे सगळं एकत्र मांडायचं कसं ते सुचत नाहीये. स्कोअर देणाऱ्याला प्लेटमधला कुठला वेल (एम्ब्रियो ठेवायचा खळगा) कशाचा हे माहीत नको, एवढं मात्र पक्कं ठरवलंय.

दुसरं, आयव्हरमेक्टिन प्लास्टिकला चिकटतं. प्लेट्स आदल्या दिवशी त्याच द्रावणाने भरून ठेवते आणि द्रावण रोज बदलते, तरी वेलमध्ये खरं किती उरतं? पाण्याचं सॅम्पल एलसी-एमएसला (औषधाचं प्रमाण मोजायचं यंत्र) द्यायचं तर नवीन द्रावण घातल्या घातल्या घ्यायचं की 24 तासांनी बदलायच्या आधी, की दोन्ही? आणि लाइट सायकलचं काय, अंधारात ठेवलं तर औषध टिकेल पण मग कंट्रोलही अंधारातच ठेवावा लागेल ना?

कवच काढून टेस्ट केलेलं कुणी असेल तर त्यांनी जरूर लिहा. औषध आत कितपत जातं याची शंका आहे, पण कवच काढताना एम्ब्रियोला इजा झाली तर व्यंग औषधाचं की हाताचं हे कसं ओळखायचं?

डीएमएसओ (औषध विरघळवायचं सॉल्व्हंट) 0.01 टक्क्याच्या आतच आहे आणि सॉल्व्हंट कंट्रोल (औषधाविना नुसतं सॉल्व्हंट) वेगळा लावलाय, त्यात पिल्लं एकदम नॉर्मल आहेत, त्यामुळे ती शंका नको. फोटो हवे असतील तर टाकते.