कव्हर लेटरसाठी कंपनीचा अभ्यास केला, पण त्यातलं लिहू काय?

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत सहा वर्षं शिफ्ट केमिस्ट आहे. आता पुण्यात प्राजला, म्हणजे इथेनॉलचे प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीला, कमिशनिंगच्या (नवा प्रकल्प चालू करून देण्याच्या) कामासाठी अर्ज करायचाय. गेल्या वर्षी एकच पत्र नाव बदलून अकरा ठिकाणी धाडलं होतं. एका ठिकाणी नाव बदलायचंच राहिलं. उत्तर आलं नाही, ते बरंच झालं म्हणायचं.

म्हणून यंदा चार रात्री बसलो. कंपनी शेअर बाजारात आहे, त्यामुळे वार्षिक अहवाल फुकट मिळतो. वही भरली: १९८३ ची स्थापना, उरवड्याचं मॅट्रिक्स संशोधन केंद्र, पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा इंडियन ऑइलचा प्रकल्प (२०२२) यांच्याच तंत्रज्ञानावर, मे २०२३ मध्ये यांचं जैवइंधन मिसळून पुणे-दिल्ली विमान उडालं. सगळं पत्रात कोंबलं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "हे त्यांना माहीत नाही का?"

आता सांगा, ठेवू काय नि काढू काय? अहवालात धंद्यातल्या जोखमींवरही बरंच आहे. त्यावर लिहिलं तर आगाऊपणा वाटेल का? आणि दुसरा अर्ज एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत करतोय, तिची तर वेबसाइटही धड नाही.

प्रतिसाद १
वहिनींचं बरोबर आहे. मी मुलाखती घेतो, आमचाच इतिहास आम्हाला वाचायला लागला की पुढचं पान उलटतो. जोखमींचं प्रकरण मात्र सोडू नका. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाचा रस आणि सिरपपासून इथेनॉल करायला बंदी घातली, तेव्हा तुमच्याकडे काय झालं?

छोट्या कंपनीसाठी एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर मास्टर डेटा बघा. स्थापनेची तारीख, भरणा भांडवल, संचालक, कर्जाचा बोजा, एवढं तरी कळतं. हे पत्रात लिहायचं नाही, तिथे जावं की नाही ते ठरवायला वापरायचं.

धागाकर्ता
काय होणार? सिरपवर चालू होतो, ते रातोरात थांबलं. बी हेवी मळीवर (साखर पूर्ण न काढता उरलेल्या मळीवर) आलो. डायल्यूशन (पाणी किती घालायचं), यीस्टचा डोस, सगळं पुन्हा बसवलं. आठवडाभर घर बघितलं नाही. मग सरकारने थोडी सूट दिली, पुन्हा बदल.

प्रतिसाद १
मग अजून काय पाहिजे? कच्चा माल कधी बदलेल याचा भरवसा नाही, ही त्यांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाची डोकेदुखी आहे. हे शिफ्टमध्ये निभावलेला माणूस त्यांना कमिशनिंगला हवाच असेल. पहिला परिच्छेद हाच. आकडे तुमचे टाका, किती तासांत फर्मेंटर (आंबवण्याची टाकी) पुन्हा लागला वगैरे. पेंढा आणि विमान काढून टाका.

धागाकर्ता
हे लिहायचं सुचलंच नव्हतं, रोजचंच काम वाटत होतं. आणि 'डिअर सर'चं काय? लिंक्डइनवर एचआरचे तिघं दिसतात.

प्रतिसाद १
जाहिरातीत नाव असेल तर ते घाला, नसेल तर 'हायरिंग मॅनेजर'. अंदाजाने कुणाचं नाव टाकू नका. आणि पाठवण्याआधी कंपनीचं नाव वहिनींकडून तपासून घ्या.