मदत हवी आहे : लग्नाचे फोटो वेडिंग ब्लॉगवर किंवा मासिकात छापून यावेत म्हणून नेमकं काय करायचं?

उन्हसावली

नमस्कार मंडळी,

मी लग्नाचे फोटो काढते. पाच वर्षं एका फोटोग्राफरच्या हाताखाली सेकंड शूटर होते, दोन वर्षांपासून स्वतःची कामं घेते. कामं मिळतात, माणसं खूश असतात. पण आपण टिपलेलं एखादं लग्न कुठेतरी छापून यावं ही इच्छा फार दिवसांपासून मनात आहे.

गेल्या हंगामात एक लग्न मिळालं आणि वाटलं, हेच पाठवायचं. पाहुणे चाळीसच. लग्न बागेत व्हायचं होतं, पण आदल्या रात्री पावसाने झोडपलं आणि सगळं आत एका लांबट खोलीत हलवावं लागलं. नवरीने प्रत्येक पाहुण्याच्या जागेवर ठेवायला त्या त्या माणसाचं छोटंसं रेखाचित्र काढलं होतं. चाळीस माणसं, चाळीस चित्रं, चार महिने ती काढत होती. आणि तासभर उरला असताना तिच्या कपड्याचा मागचा हुक तुटला. आजीने तिला खिडकीशी उजेडात उभं केलं, स्वतः मागे स्टुलावर बसली आणि हुक पुन्हा शिवायला घेतला. चष्मा कपाळावर, नाक जवळजवळ कापडाला टेकलेलं. मी क्लिक केलं तेव्हा ती दोरा दाताने तोडत होती. सात वर्षांत काढलेल्या सगळ्या फोटोंमधला हा माझा सर्वांत आवडता.

मी २१२ फोटो निवडले, त्यातले सत्तरेक कृष्णधवल. कोपऱ्यात माझा लोगो टाकला आणि झिप फाइल करून एकाच दिवशी चार ठिकाणी पाठवली. दोन ठिकाणांहून उत्तरच नाही. एकीकडून छापील साच्यातला नकार. चौथ्या संपादिकेने मात्र वेळ काढून लिहिलं, ‘फोटो सुंदर आहेत, पण आमच्या वाचकांना घेण्यासारखं यात कमी दिसलं.’ हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. घेण्यासारखं म्हणजे काय? आजीच्या त्या फोटोत घेण्यासारखं नाही?

मधल्या काळात एका मासिकाचा ईमेल आला, ठरावीक रक्कम भरा, आम्ही चार पानं देऊ. भरावी का? आणि जोडप्याची परवानगी तोंडी घेतली आहे, तेवढी पुरते का? यातलं काही मला कुणी शिकवलेलं नाही. जे या वाटेने गेलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तिसरा_डोळा

ताई, आधी एक सांगा. त्या चाळीस रेखाचित्रांचे किती फोटो पाठवलेत?

उन्हसावली

आत्ता मोजले. दोन. २१२ मध्ये दोन. त्यातला एक तर टेबलाचा आहे, चित्रं त्यात ओघाने आली आहेत.

तिसरा_डोळा

मग तुमचं उत्तर बरंचसं त्यातच आहे. मी दहा वर्षं हे काम करतोय, आठ-नऊ लग्नं छापून आलीत आणि त्याच्या तिप्पट परत आलीत. म्हणून जरा अधिकाराने लिहितो.

वेडिंग ब्लॉग वाचतं कोण? जिचं किंवा ज्याचं लग्न सहा महिन्यांवर आलंय ते. ते तुमच्या जोडप्याला ओळखत नाहीत. त्यांना बघायचं असतं की पाऊस आला तर काय करता येतं, चाळीस माणसांसाठी खोली कशी मांडतात, पाहुण्याला आपली जागा कशी सापडते. संपादक या डोळ्यांनी फोटो बघतो. तुम्ही पाठवलंत ते जोडप्याच्या घरच्या अल्बमसाठी अप्रतिम असणार, पण अनोळखी वाचकाला त्यात शिरायला दार नाही. आजीचा फोटो राहू द्याच, तो काढून टाकू नका. पण त्याच्या आजूबाजूला ते घर उभं करा.

म्हणजे असं. रिकामी खोली, माणसं यायच्या आधीची, एका टोकाकडून. मग टेबल. मग एकच चित्र, जवळून, कागदाचा पोत दिसेल इतकं. मग एखादा पाहुणा स्वतःचं चित्र हातात घेऊन बघतोय. निमंत्रणपत्र, फुलं, अंगठ्या, बूट, कपड्यावरची कलाकुसर हेही लागतं. पुष्कळ फोटोग्राफर्सना हे निर्जीव वाटतं, मलाही वाटायचं. पण संपादकाला एका प्रसंगाकडून दुसऱ्याकडे जायला हेच फोटो उपयोगी पडतात.

बाकी चुका पटापट सांगतो, राग मानू नका. लोगो काढा, लोगोवाले फोटो जवळपास कुणीच घेत नाही, नाव श्रेयात येतंच. कोलाज करू नका. सत्तर कृष्णधवल फार झाले, पाच-सहा ठेवा, कारण रंगसंगती दिसली नाही तर सजावटीचं काही कळत नाही. बहुतेक ठिकाणी शंभरच्या आसपास फोटो पुरतात, पण प्रत्येकाचे नियम त्यांच्या सबमिशनच्या पानावर असतात, ते शब्दन् शब्द वाचा. लांब बाजू किती पिक्सेल, झिप की गॅलरीची लिंक, सगळं तिथे असतं. वेबसाठी फाइल जेपेग आणि एसआरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, द्या.

आणि सगळ्यात मोठी चूक, चार ठिकाणी एकदम पाठवणं. बऱ्याच ठिकाणी ‘आधी कुठेही न आलेलं’ ही अट असते. दोघांनी होकार दिला असता तर एकाला नाही म्हणावं लागलं असतं, आणि तो संपादक तुमचं नाव विसरला नसता. एका वेळी एकच. त्यांनी दिलेली मुदत उलटली की एक नम्र आठवण, मग लेखी मागे घ्या आणि पुढच्याकडे जा. टू ब्राइट लाइट्ससारख्या सेवांवर फोटो एकदा चढवून वेगवेगळ्या प्रकाशनांकडे पाठवता येतात, तिथेही हा क्रम पाळा.

इन्स्टाग्रामवर किती टाकलेत?

उन्हसावली

साठ. 😔 जोडप्याला घाई होती.

तिसरा_डोळा

काही संपादक पाच-दहा झलका चालवून घेतात, साठ कठीण आहे. काढता येतील तितके काढा आणि पाठवताना खरं काय ते सांगा. लपवू नका, ते शोधतात. पुढच्या लग्नापासून करारातच लिहा की प्रकाशनासाठी पाठवलंय तोवर किती फोटो बाहेर जातील. त्याच वेळी फुलवाला, मेकअप करणारी, जागेचे मालक यांनाही सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही थांबता आणि ते टाकून मोकळे होतात.

पानजोडणी

छापील मासिकाबद्दल मी लिहिते. मी एका मासिकात पानं लावायचे, फोटोग्राफर नाही. त्यामुळे फोटो हातात पडल्यावर पुढे काय होतं ते सांगू शकते.

पहिली गोष्ट आकार. छपाईला साधारण ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, लागतात. ए४ पान भरून फोटो लावायचा तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल, आणि समोरासमोरची दोन्ही पानं भरायची तर ४९६१ बाय ३५०८. वर चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी कड. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची फाइल ६००० बाय ४००० असते, ती दोन पानांना आरामात पुरते. पण तुम्ही क्रॉप करून ३००० बाय २००० केली असेल तर त्याच दोन पानांवर जेमतेम १७०-१८० डीपीआय उरतं. पडद्यावर ते कळत नाही, कागदावर कळतं. म्हणून जरा मोकळं फ्रेम करा. क्रॉप आम्ही करू शकतो, कापलेलं परत जोडता येत नाही.

दुसरी गोष्ट पानांमधली घडी. जोडप्याला बरोबर मध्यभागी उभं केलेला आडवा फोटो दोन पानांवर टाकला की दोघांचे चेहरे घडीत जातात. असे किती सुरेख फोटो मी हळहळत बाजूला ठेवलेत, त्याची गणती नाही. माणसं एका बाजूला, दुसऱ्या बाजूला भिंत, आकाश, पडदा असं काहीतरी शांत, असा फोटो आला की आम्ही तो आधी उचलायचो, कारण मथळा कुठे बसणार ते दिसायचं. आणि उभे फोटो पाठवा हो! मासिकाचं पान उभं असतं आणि लोक नव्वद टक्के आडवे पाठवतात.

मासिकाचा अंक पुष्कळ महिने आधी बांधला जातो. पावसातलं लग्न पावसाळा संपताना पाठवलं तर ते पुढच्या वर्षीच्या विचारात जातं. धीर धरावा लागतो. हेही लक्षात ठेवा की छापील जागा आता आक्रसली आहे. अमेरिकेत १९३४ पासून निघणारं ब्राइड्ससारखं मासिकसुद्धा २०१९ मध्ये कागदावरून उठून फक्त ऑनलाइन झालं.

पैसे भरून मिळणाऱ्या पानांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती जाहिरात आहे. जाहिरात करणं वाईट नाही, करायची असेल तर तसं समजून करा. पण संपादकाने निवडलं म्हणून आलेलं पान आणि विकत घेतलेलं पान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला जे हवंय ते पहिलं आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. अंक कोण वाचतं, कुठे मिळतो, आधीच्या अंकात कोण आलंय ते विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या.

कलमबंद

परवानगीबद्दल. तोंडी चालणार नाही, लेखी घ्या.

कॉपीराइट कुणाचा हे देशागणिक बदलतं. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे करारात काही लिहिलेलं नसेल तर हक्क जोडप्याकडे जाऊ शकतो. अमेरिकेत साधारणपणे उलट, नोकरीत किंवा तशा लेखी करारावर काढलेला नसेल तर हक्क फोटोग्राफरचा. ब्रिटनमध्ये कॉपीराइट फोटोग्राफरकडे असला तरी १९८८ च्या कायद्याच्या कलम ८५ नुसार, घरगुती कारणासाठी फोटो काढून घेणाऱ्याला ते जाहीर होऊ न देण्याचा वेगळा हक्क आहे. तुम्ही कुठेही असा, करारात दोन वाक्यं हवीत. कॉपीराइट कुणाकडे, आणि फोटो त्रयस्थ प्रकाशनाला द्यायला जोडप्याची संमती आहे की नाही.

सेकंड शूटर असतानाचे फोटो मात्र मुख्य फोटोग्राफरला विचारल्याशिवाय पाठवू नका. तिथे तुमचा त्यांच्याशी झालेला करार बघावा लागेल.

प्रकाशनाच्या अटीही वाचा. त्यांना फोटो वापरायचा परवाना द्यायचा असतो, मालकी नाही. ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, इतरांना देण्याच्या हक्कासह’ असं काही दिसलं तर थांबून विचारा.

आजीचा फोटो ठळक जाणार असेल तर आजींनाही विचारा. कायद्यासाठी नाही म्हणत मी. त्या वयाच्या बाईला आपला फोटो छापलेला अचानक कुणीतरी दाखवावा हे बरं नाही.

तिसरा_डोळा

कलमबंद, शेवटच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन.

ताई, लिखाणाचं राहिलं. फोटोंबरोबर जी माहिती जाते तिच्यात दोघं कसे भेटले एवढंच नको. जोडप्याला पाच-सहा प्रश्न पाठवा. बाग हातची गेली तेव्हा पहिला निर्णय कोणता घेतला? चित्रं काढायचं का ठरवलं, कुणाचं सगळ्यात अवघड गेलं? त्यांच्याच शब्दांत उत्तरं द्या. आणि काम केलेल्या प्रत्येकाचं नाव, वेबसाइट, नीट तपासून. फुलवाल्याचं नाव चुकलं तर तो पुढच्या वेळी तुमची शिफारस करणार नाही.

छापून आलं की त्या पानाची पीडीएफ स्वतःकडे ठेवा. स्टाइल मी प्रिटी हा केवढा मोठा वेडिंग ब्लॉग, पण २०१८ च्या एप्रिलमध्ये तो बंद होणार असं जाहीर झालं आणि वर्षानुवर्षांचं छापून आलेलं काम जातंय की काय म्हणून फोटोग्राफर हवालदिल झाले. पुढे मूळ संस्थापकांनीच तो परत घेतला म्हणून वाचलं.

उन्हसावली

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. गेले चार दिवस हेच करतेय, म्हणून उशीर.

कॅमेऱ्याची जुनी मेमरी कार्डं पुन्हा उघडली. चित्रांचे ३१ फोटो निघाले, मी निवडताना सरळ बाजूला टाकले होते. एकात नवऱ्याचे काका आपलं चित्र धरून शेजाऱ्याला दाखवतायत. नवरीने चित्रात त्यांच्या शर्टाच्या खिशातलं पेनसुद्धा रेखाटलं होतं, आणि ते पेन फोटोत खरंच खिशात आहे! हे मला लग्नात दिसलंच नव्हतं. आता ९६ फोटो आहेत, सहा कृष्णधवल, उभे चाळीसच्या वर. इन्स्टाग्रामवर आठ ठेवलेत. पैसे मागणाऱ्या मासिकाला ‘नको’ म्हणून कळवलं. संमतीपत्रावर दोघांच्या सह्या आल्या. नवरीने आजीला फोन लावून माझ्याकडे दिला. आजी म्हणाल्या, छाप, पण मला एक प्रत कागदावर पाठव, मोबाइलवर मला दिसत नाही. ती आजच पाठवली.

आता एकच अडलंय. आजीचा फोटो कितवा ठेवू? पहिला ठेवावासा वाटतो.

पानजोडणी

पहिला नको. पहिला रिकाम्या खोलीचा ठेवा, मग चित्रं, आणि काकांच्या फोटोनंतर लगेच आजी. तोवर वाचकाला कळलेलं असेल की या घरातली माणसं गोष्टी हाताने करतात, मग तो हुक शिवणारा हात त्याला आपोआप दिसेल. तो फोटो आडवा आहे का? त्याच वेळचा उभा असेल तर तोही बरोबर द्या, पूर्ण पान मिळायची शक्यता वाढते.

उन्हसावली

उभा आहे, तीन-चार सेकंद आधीचा. त्यात दोरा अजून तुटलेला नाही, आजीच्या दातापासून कपड्यापर्यंत ताणलेला दिसतोय. दोन्ही घालते.