मदत हवी आहे: त्रिनिदादला जातोय, घर कुठे बघावं?

अष्टागर:

नमस्कार मंडळी. नवऱ्याला त्रिनिदादमध्ये पॉइंट लिसासच्या एका अमोनिया प्लांटमध्ये नोकरी मिळाली आहे, करार तीन वर्षांचा. आजवर सगळी नोकरी अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात झाली, त्यामुळे कामाची धास्ती नाही. घराचं मात्र काही केल्या ठरत नाहीये. जाणार आम्ही चौघं: आम्ही दोघं, पाचवीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. मराठी आणि मोडकंतोडकं हिंदी एवढंच त्यांना येतं.

एचआरचं म्हणणं, बाहेरून आलेले लोक वेस्टमुरिंग्जला राहतात, तिथेच बघा. पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेला, गेटवर पहारा असलेल्या सोसायट्या, आंतरराष्ट्रीय शाळा तिथेच. पण प्लांट कूवाजवळ, म्हणजे घरापासून चाळीसेक किलोमीटर, तेही राजधानी ओलांडून. शिफ्ट बारा तासांची. जाण्यायेण्याचा वेळ धरला तर हा घरी फक्त झोपायला येणार आणि परक्या देशात सासूबाई नि लेक यांची सगळी जबाबदारी दिवसभर माझ्या एकटीवर.

दुसरा पर्याय चग्वानस किंवा कूवा. 1845 मध्ये फातेल रझाक जहाजातून पहिले गिरमिटिये (करारावर नेलेले भारतीय मजूर) त्रिनिदादला उतरले, त्यानंतर आलेल्या हजारोंनी जिथे उसाच्या मळ्यांत घाम गाळला तो हा भाग. आजही भारतीय वंशाची वस्ती इथे दाट आहे. जवळच कारापिचैमाला दत्तात्रेय मंदिर आहे आणि तिथे 85 फुटी हनुमानाची मूर्ती. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या दत्ताची उपासना; फोटो पाहिल्यापासून सासूबाईंचं मन तिथेच गुंतलंय. तिसरा पर्याय, प्लांटच्या दक्षिणेचं सॅन फर्नांडो.

भीती दोन गोष्टींची. एक गुन्हेगारी. जेमतेम चौदा-पंधरा लाख वस्तीच्या देशात 2024 मध्ये 600 हून जास्त खून झाले आणि वर्ष संपता संपता, 30 डिसेंबरला, आणीबाणी लावावी लागली. हे वाचून माझ्या आईने जाऊच नका म्हणून धरलंय. दुसरी शाळा. तिथे प्राथमिक शाळा संपताना एसईए नावाची परीक्षा असते आणि तिच्या गुणांवर माध्यमिक शाळा ठरते. माझी मुलगी नेमकी त्या तोंडावर तिथे पोचणार.

कोणी तिथे राहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. निर्णय पुढच्या महिन्यात घ्यायचा आहे.

जास्वंदी:

ताई, आम्ही सॅन फर्नांडोला राहून आता पुण्याला परतलोय. माझ्या मते वेस्टमुरिंग्जचा विचार सोडा. तिथली घरभाडी बरेचदा अमेरिकन डॉलरमध्ये सांगतात. तुमचा पगार टीटी डॉलरमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात असेल तर हे फार जड जाईल, कारण बँकेतून अमेरिकन डॉलर हवे तेवढे मिळत नाहीत. अलिबागला घराचे हप्ते चालू असतील तर पगाराचा काही भाग अमेरिकन डॉलरमध्ये द्या, असं सही करण्याआधीच मागून घ्या. ही गोष्ट घर शोधण्याच्याही आधीची.

सॅन फर्नांडोत गल्फ व्ह्यू आणि पाल्मिस्ट बघा. सरकारी मोठं रुग्णालय गावातच, खाजगी दवाखानेही आहेत, आणि नवऱ्याचा प्रवास सोलोमन होचॉय हायवेने सरळ उत्तरेला. मुलींची नापारिमा शाळा नावाजलेली आहे, पण तिथे जागा एसईएच्या गुणांवरच मिळते. अशा धर्मसंस्थांच्या शाळांमध्ये 20 टक्के जागा मुख्याध्यापकांच्या हातात असतात, त्यावर भरवसा ठेवून जाऊ नका. दोन वर्षं खाजगी शाळा आणि मग पुढचं, असा विचार केलात तर लेकीवर ताण येणार नाही.

सासूबाईंसाठी एक गोष्ट मनापासून सांगते. चेहरे आपले, नावं आपली, देवळात आरती आपली, पण रोजचं बोलणं इंग्रजी, तेही त्यांच्या धाटणीचं. हिंदी बोलणारं माणूस सहज भेटत नाही. माझ्या आईला पहिले महिने याचाच त्रास झाला, घराबाहेर पडेना. तिला बाहेर काढलं बाजाराने. अळूला तिथे दशीन म्हणतात, त्याच्या पानांना डाळीचं पीठ लावून तळलेला सहीना मिळतो. आईने तो खाल्ला आणि भाजीवालीला खुणांनी अळूवडी कशी करतात ते समजावलं. शेवग्याच्या शेंगा, कारली, चवळीच्या शेंगा, सगळं ताजं मिळतं. म्हणून घर असं घ्या की सासूबाईंना बाजारात किंवा देवळात रोज नेता येईल.

भटका_अभियंता:

वेस्टमुरिंग्जबद्दल थोडं वेगळं मत. सकाळी हायवे तुंबतो तो पोर्ट ऑफ स्पेनकडे जाणारा. तुमचे यजमान उलट दिशेने जातील, त्यामुळे प्रवास नकाशावर वाटतो तितका वाईट नाही. पण रात्रपाळीनंतर तेवढं अंतर गाडी हाकणं मला पटत नाही, त्यामुळे मीही मध्य किंवा दक्षिणच म्हणेन.

चग्वानसला घर बघणार असाल तर लँग पार्कपासून सुरुवात करा. पावसाळ्यात, म्हणजे जून ते डिसेंबर, प्रत्यक्ष जाऊन शेजाऱ्यांना पुराचं विचारा. त्रिनिदाद चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे, खरा त्रास पुराचा. ऑक्टोबर 2018 मध्ये ग्रीनव्हेलसारखी वसाहत पाण्याखाली गेली होती. दक्षिणेला पेनल-डेबे भागही सखल आहे. घरात पाण्याची टाकी आहे का बघा, नळाला रोज पाणी येईलच असं नाही. खिडक्यांना लोखंडी जाळ्या हव्यातच.

गुन्हेगारीबद्दल: टोळ्यांची भांडणं बरीचशी ठरावीक वस्त्यांत होतात, पण घरफोडी आणि दरोडे कुठल्याही भागात घडू शकतात. म्हणून भागाच्या नावापेक्षा गल्ली बघा, रात्रीही एकदा बघा.

आणि भाडेकरार एकेक वर्षाचाच करा. कच्चा माल म्हणून लागणारा नैसर्गिक गॅस पुरेसा मिळत नाही म्हणून पॉइंट लिसासचे काही प्लांट मधूनमधून बंद राहिले आहेत. नोकरी मध्येच संपली तर घर सोडता येईल अशी अट लेखी घ्या. भारतातली मिक्सर-इस्त्री नेऊ नका, तिथे वीज 115 व्होल्ट. कुकर मात्र न्या.

अष्टागर:

दोघांचेही मनापासून आभार. पगाराच्या डॉलरचा मुद्दा आमच्या ध्यानीमनी नव्हता, आजच कंपनीला मेल लिहितेय. वेस्टमुरिंग्ज आम्ही बाद केलं. नवरा आधी एकटा जाईल, दोन महिने भाड्याच्या खोलीत राहील आणि पावसात घरं बघेल. मुलगी इथलं वर्ष पूर्ण करेल आणि सप्टेंबरच्या सत्राला आम्ही मागून जाऊ.

जास्वंदी, सासूबाईंबद्दल लिहिलंत ते रात्री त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर मला बाकी काही नको. गल्फ व्ह्यू किंवा पाल्मिस्टच्या जवळ, पायी जाता येईल असं देऊळ आहे का? आणि त्या बाजूची कुठली खाजगी शाळा बाहेरून आलेली मुलं घेते, हे कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा.