पीफॅममध्ये 'लॅक्टामेज' आलं म्हणजे रेझिस्टन्स जीन सापडला का?

उसाची_माती: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी शेतातल्या मातीतून एक ग्रॅम-निगेटिव्ह बॅक्टेरिया काढला, जीनोमही झाला. त्यात 256 अमिनो आम्लांच्या एका प्रथिनावर पीफॅम या प्रथिन-कुळांच्या डेटाबेसमधलं पीएफ00753, म्हणजे 'लॅक्टामेज-बी' लागलंय (लॅक्टामेज म्हणजे पेनिसिलिनसारखी औषधं तोडणारं एन्झाइम), ई-व्हॅल्यू, म्हणजे जुळणी निव्वळ योगायोगाची असण्याचा अंदाज, झकास. एच-एक्स-एच-एक्स-डी-एच मोटिफ (अमिनो आम्लांचा ठरावीक क्रम, एक्स म्हणजे कुठलंही) आहे. सर म्हणतात पोस्टरवर 'नवा कार्बापेनेमेज' (कार्बापेनेम प्रतिजैविकं तोडणारं लॅक्टामेज) लिही. मला धजवत नाहीये. शुक्रवारी छापायचंय.

जस्तवाला: नका लिहू! मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं. नायट्रोसेफिन (लॅक्टामेजने तोडलं की लाल होणारं रसायन) टाकून तासभर बसलो, पिवळ्याचं लाल काही होईना.

पीएफ00753 सांगतं ती फक्त घडी: दोन बाजूंना हेलिक्स, मध्ये बीटा-शीटचं सँडविच, कडेला जस्ताची जागा. पुढे या घडीत बसलेली गिऱ्हाइकं वेगवेगळी. आरएनए कापणारं आरएनेज झेड, बॅसिलसचं लॅक्टोनेज एआयआयए, ग्लायऑक्सलेज-2, सगळी इथलीच. यातली काही तुमच्या-माझ्या पेशींतही आहेत. कुळाला आडनाव मात्र लॅक्टामेजचं पडलं.

मोटिफ नीट वाचा. एनडीएम-1 या खऱ्या कार्बापेनेमेजमध्ये ते एच-ए-एच-क्यू-डी-के आहे, शेवटी लायसीन. त्याच्या, म्हणजे जस्तवाल्या लॅक्टामेजांच्या बी1 उपवर्गात दुसऱ्या जस्ताला सिस्टीन धरतं, तिथे ग्लायऑक्सलेज-2 मध्ये अ‍ॅस्पार्टेट असतं. तुमच्याकडे काय आहे?

उसाची_माती: एच-एच-एच-डब्ल्यू-डी-एच. सिस्टीन त्या जागी नाही, डी (अ‍ॅस्पार्टेट) आहे.

पेट्री_ताई: पण फक्त शेवटच्या एच वरून निकाल देऊ नका हं, बी3 उपवर्गातल्या एल1 या लॅक्टामेजमध्येही तो असतो. सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला बाहेर पाठवणारा सुरुवातीचा तुकडा) बघितलं का? लॅक्टामेज पेशीपटलाबाहेर जायला हवं, कारण औषध तिथेच भिंतीवर काम करतं. आणि पीफॅमच्या निकालात खाली दुसरी ओळ आहे का?

उसाची_माती: सिग्नल पेप्टाइड नाही. आणि हो, सी-टोकाला 'एचएजीएच-सी' आहे. छोटं म्हणून मी सोडून दिलं होतं 🙈

जस्तवाला: मग झालंच की! तो ग्लायऑक्सलेज-2 चा शेपटीचा डोमेन, ग्लुटाथायोनला जोडलेला रेणू धरणारा. मिथाइलग्लायॉक्सलचं विष उतरवायचं काम. 'संभाव्य ग्लायऑक्सलेज-2' लिहा, आणि एस-डी-लॅक्टॉइलग्लुटाथायोन (ग्लायऑक्सलेज-2 तोडतं तो रेणू) मिळालं तर 240 नॅनोमीटरला शोषण उतरतंय का बघा. सरांना ती दुसरी ओळ दाखवा, मोटिफवर वाद घालत बसू नका.